छाप बदलते, चांदी चालते : प्रस्तावना

डिसेंबर २०१६ मध्ये मुरबाड तालुक्यातले आमचे धसई गाव अचानक वर्तमानपत्रांत झळकले. नोटाबंदीला महिनाही झाला नव्हता आणि राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून धसईचे नाव जाहीर झाले. दुकानादुकानांत कार्ड घासायची यंत्रे आली. आसपासच्या पाड्यांवरून मीठ-मिरची न्यायला येणारी माणसे त्या यंत्रांकडे कुतूहलाने बघत. पुढे नोटा परतल्या, यंत्रे मागे पडली आणि आता त्यांची जागा गल्ल्याजवळ चिकटवलेल्या क्यूआर कोडने घेतली आहे. बाजार मात्र तेव्हाही भरत होता, आजही भरतो.

याच तालुक्याच्या पूर्व कडेला, नाणेघाटाच्या माथ्यावर, एक दगडी रांजण आहे. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्याने त्यात जकातीची नाणी टाकायची, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. गोष्टीला लेखी आधार नाही. पण रांजणापासून हाकेच्या अंतरावर जी गुहा आहे, तिच्या भिंतींवर जे कोरले आहे ते गोष्टीहून मोठे आहे. सातवाहन राणी नागनिकेने तिथे आपल्या घराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेली दाने नोंदवून ठेवली आहेत : इतक्या हजार गाई, इतके घोडे, इतके हत्ती, इतकी कार्षापण नाणी. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो हिशेब अजून वाचता येतो. हिशेब मांडणारे राज्य मात्र इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातच संपले.

राज्य संपते तेव्हा नेमके काय संपते आणि काय उरते? हा संग्रह त्या प्रश्नाभोवती उभा आहे. सातवाहनांच्या उदयाची, पराक्रमाची आणि वंशावळीची पुस्तके मराठीत आहेत, काही उत्तम आहेत. आम्हाला त्यांच्या पुढचे पान उलटायचे होते. राजाचा अंमल उठल्यावर त्याने बांधलेल्या, वापरलेल्या किंवा नुसत्या बघितलेल्या गोष्टींचे काय झाले, त्या कुणी उचलल्या, कुणी टाकल्या आणि त्यातले काय आपल्या अंगवळणी पडले, हे आम्हाला शोधायचे होते.

विषयाला नव्या असलेल्या वाचकासाठी आधी थोडी ओळख. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे गोदाकाठचे पैठण. पुराणे त्यांना ‘आंध्र’ म्हणतात. त्यांचे स्वतःचे लेख त्यांना ‘सातवाहन’ म्हणतात. मत्स्यपुराणाच्या हिशेबाने या वंशात तीस राजे झाले आणि त्यांनी चारशे साठ वर्षे राज्य केले. इतर पुराणांचे आकडे याहून लहान आहेत. नाणेघाटातल्या लेखावरून सिमुक हा मूळपुरुष आणि पहिला सातकर्णी हा नागनिकेचा पती. नागनिकेचे वडील ‘महारठी’ होते. पुढे क्षहरात नहपान या शक क्षत्रपाने नाशिक, जुन्नर, कार्ले आणि कोकणपट्टी जिंकून सातवाहनांना मागे रेटले. तो प्रदेश परत घेणारा गौतमीपुत्र सातकर्णी हा या घराण्यातला खरा दिग्विजयी. त्याची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यात मुलाचा जो गौरव कोरून घेतला, त्यात त्याची घोडी तीन समुद्रांचे पाणी प्याली असे म्हटले आहे आणि त्याच्या ताब्यातल्या प्रदेशांच्या यादीत अपरान्तही आहे. अपरान्त म्हणजे आपली कोकणपट्टी. म्हणजे आजचे मुरबाड, शहापूर, कल्याण, सोपारा त्याच्या छत्राखाली आले. यज्ञश्री सातकर्णी हा शेवटचा प्रबळ राजा. त्यानंतर फांद्या वेगळ्या झाल्या आणि झाड पडले.

एवढी कथा जुळवायलाही दोनशे वर्षांची मेहनत लागली आहे. १८२८ मध्ये कर्नल साइक्स नाणेघाटात पोचला आणि त्याने तिथल्या अक्षरांची नक्कल केली. त्या वेळी ब्राह्मी लिपी वाचणारा एकही माणूस जगात नव्हता. प्रिन्सेपने १८३० च्या दशकात लिपीचे कोडे सोडवल्यावर या भिंती बोलू लागल्या. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाणेघाटातल्या अंकचिन्हांचा बारकाईने अभ्यास केला. १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही उजेडात आणला तो त्यांनीच. ब्यूलरने लेखांची वाचने प्रसिद्ध केली. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४ मध्ये दख्खनच्या प्राचीन इतिहासाची पहिली सलग मांडणी केली. मराठीत वा. वि. मिराशी यांचा सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरचा ग्रंथ १९७९ मध्ये आला आणि कोरीव लेख मराठी वाचकाच्या हाताशी आले. ही झाली लेखांची वाट. तिचा भर राजा, वर्ष आणि विजय यांवर.

दुसरी वाट नाण्यांची. रॅप्सनने १९०८ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या आंध्र आणि क्षत्रप नाण्यांची सूची छापली, तिथून ही वाट रुंदावली. अजय मित्र शास्त्रींनी आणि नंतर शैलेंद्र भांडारे यांनी नाण्यांवरून कालक्रमाची फेरमांडणी केली. गौतमीपुत्राला पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवायचे की दुसऱ्याच्या पूर्वार्धात, हा वाद आजही मुख्यतः नाणीच लढवतात. तिसरी वाट कुदळ-फावड्याची. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवाशाला आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत, इतरांनी पैठण, तेर, भोकरदनला खणले. ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती मिळाली. उलट इटलीत पॉम्पेईच्या राखेखालून १९३८ मध्ये निघालेली भारतीय हस्तिदंती पुतळी तेर आणि भोकरदनच्या पुतळ्यांची सख्खी बहीण शोभते.

चौथी वाट पायी चालणाऱ्यांची आहे आणि आम्हाला ती सर्वांत जवळची. दा. ध. कोसंबी जुन्नर-कार्ल्याच्या परिसरात स्वतः चालले. लेणी निर्जन रानात कोरलेली नाहीत, ती घाटांच्या तोंडाशी आणि व्यापारी वाटांवर आहेत, हे त्यांनी आवर्जून दाखवले. हिमांशु प्रभा राय यांनी विहार आणि व्यापारी श्रेणी यांचे नाते १९८६ मध्ये पुस्तकभर उलगडले. कार्ला सिनोपोली यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी तर विचारले की, हे ‘साम्राज्य’ होते तरी किती? राजधानीतून सगळे हलवणारी यंत्रणा होती, की महारठी, महाभोज अशा स्थानिक बड्यांची सैलसर मोट होती? हा प्रश्न आमच्या विषयाला थेट भिडतो. मोट सैल असेल तर दोर सुटल्यावर काठ्या जागेवरच राहतात. सातवाहन गेले तेव्हा अनेक ठिकाणी नेमके तसेच झाले असावे.

या सगळ्या वाटा जिथे एकत्र येतात अशी एक वस्तू मला नेहमी आठवते. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता. शत्रूची चांदी वितळवून नवे नाणे पाडायला वेळ जातो, जळण जाते. त्याने तेच नाणे ऐरणीवर ठेवले आणि वरून घाव घातला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि स्वतःचे नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. ठसा नीट बसला नाही तिथे खालून नहपानाचा चेहरा डोकावतो आणि चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरे दिसतात.

ग्रीक अक्षरे नाशिकच्या नाण्यावर कशी आली? त्यासाठी आणखी मागे जावे लागते. अलेक्झांडर इ. स. पूर्व ३२३ मध्ये बॅबिलोनला वारला, आणि त्याचे साम्राज्य त्याच्या सेनापतींनी वाटून घेतले. त्याचा एकछत्री अंमल त्याच्या मागे टिकला नाही. पण राजाचा चेहरा आणि भोवती त्याचे नाव असे नाणे पाडायची रीत बॅक्ट्रियातल्या ग्रीक राजांनी पुढे नेली, त्यांच्याकडून ती शकांनी घेतली आणि शकांबरोबर ती दख्खनेत उतरली. त्याच प्रवाहातून ग्रीकांचे ‘यवन’ हे नाव आपल्या लेण्यांत पोचले. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या यवनांनी खांब दिले आहेत, जुन्नरच्या लेखांतही यवन दाते आहेत. म्हणजे जोगलटेंभीच्या एका नाण्यावर तीन सत्तांचे थर आहेत. मॅसिडोनियाच्या विजेत्याची उरलेली सवय, शक क्षत्रपाचा चेहरा आणि पैठणच्या राजाचा घाव. छाप बदलत गेली, पण चांदी चालतच राहिली. या पुस्तकाला सांगायचे आहे ते हेच, आणि म्हणून त्याचे नावही तेच ठेवले.

राज्य गेल्यावरही जे चालत राहिले त्यातली पहिली गोष्ट वाट. कल्याण आणि सोपारा ही बंदरे आणि वर पैठण, जुन्नर, नाशिक, तेर ही देशावरची गावे. यांना जोडणाऱ्या तीन मुख्य चढणी होत्या : शहापूरच्या अंगाने थळघाट, मुरबाडच्या अंगाने नाणेघाट, आणि दक्षिणेला बोरघाट, ज्याच्या माथ्याच्या पुढे कार्ले-भाजे आहेत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचे नाव येते ते तक्रारीच्या सुरात. पूर्वीच्या राजाच्या काळात हे रीतसर बंदर होते, आता मात्र सत्ता बदलल्यामुळे तिथे अडवणूक होते, आणि चुकून आलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाते, असा त्याचा आशय आहे. सातवाहन-क्षत्रपांच्या झटापटीत बंदराचा गळा कसा आवळला जाई, याची ही समकालीन साक्ष. तरीही कल्याण मेले नाही. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे व्यापारी आणि कारागीर दान देताना दिसतात, आणि कल्याणच्या सोनारकुळातला एक दाता तर घाट चढून जुन्नरला पाण्याची पोढी कोरवून देतो.

वाटाही त्याच राहिल्या. १ मे १८५४ रोजी आगगाडी कल्याणला पोचली आणि तिथे तिने दोन फाटे फोडले. एक बोरघाटातून १८६३ मध्ये वर गेला, दुसरा थळघाटातून १८६५ मध्ये. इंग्रज इंजिनियरांनी सातवाहनांना मान दिला असे नव्हे. डोंगर जिथे वाट देतो तिथूनच सर्वांना जावे लागते. तिसऱ्या वाटेला, नाणेघाटाला, रेल्वे मिळाली नाही. मुरबाडकर कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, त्या मागणीचे मूळ दोन हजार वर्षे जुने आहे हे त्यांनाही क्वचितच ठाऊक असते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा शहापूरच्या बाजूने भिवंडीजवळ आमण्याला उतरला, तोही देश आणि बंदर यांना जोडण्यासाठीच. आणि वाट म्हणजे नुसती खडी-डांबर नव्हे. पौषात म्हसा गावची जत्रा भरते तेव्हा बैलांचा बाजार लागतो, घाटावरची घोंगडी खाली येतात, खालची माणसे ती खांद्यावर टाकून पाड्यावर परततात. त्या जत्रेचा सातवाहनांशी कागदोपत्री संबंध जोडण्याचा मोह आम्ही टाळला आहे. पण घाटाच्या वरचे आणि खालचे यांना एकमेकांची गरज का पडते, हे समजायला म्हसा हे कुठल्याही ग्रंथालयापेक्षा बरे ठिकाण आहे.

दुसरी गोष्ट ठेव. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकला तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले. दोन हजारांवर महिन्याला शेकडा एक, आणि एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज. व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि बारीकसारीक गरजांचा खर्च भागायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही. याला ‘अक्षयनीवी’ म्हणत. गौतमीपुत्राने नहपानाचे राज्य उखडले, नाण्यांवर घाव घातले, पण ही पद्धत मोडली नाही. सातवाहनांनंतर आभीर आले. ईश्वरसेन आभीराच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने नाशिकलाच, आजारी भिक्षूंच्या औषधासाठी, श्रेणींकडे रक्कम ठेवली. त्या श्रेणींत कुंभार होते, पाण्याची यंत्रे करणारे होते आणि तेली होते. नवव्या शतकात, शिलाहारांच्या काळात, कान्हेरीला तीच रीत द्रम्म या नाण्यांत चाललेली दिसते. क्षत्रप, सातवाहन, आभीर, त्रैकूटक, राष्ट्रकूट, शिलाहार अशा इतक्या राजवटी उलटल्या, पण मुद्दल राखून व्याजावर भागवण्याचा भरवसा टिकला. राजावर कुणी ठेव ठेवली नव्हती, ती विणकरावर आणि तेल्यावर होती. म्हणून ती बुडाली नाही.

तिसरी गोष्ट जरा कडवट आहे. सातवाहनांनी विहारांना आणि ब्राह्मणांना गावे आणि शेते दिली, आणि देताना सवलतीही दिल्या. राजाच्या नोकरांनी तिथे शिरायचे नाही, मिठासाठी जमीन खणायची नाही, कारभारात हात घालायचा नाही. ही सवलतींची यादी पुढच्या राजवंशांनी जवळजवळ साच्यासारखी उचलली. वाकाटकांच्या ताम्रपटांत मिठाची ती अट पुन्हा भेटते. इनामाचे बी इथे पेरले गेले, आणि जमिनीवर कष्ट करणारा व जमिनीचे उत्पन्न खाणारा वेगळा असण्याची व्यवस्था त्यातून पुढे शतकानुशतके फोफावली. साम्राज्याचा वारसा म्हटला की आपण लेण्यांची छायाचित्रे काढतो. हा वारसा छायाचित्रात येत नाही, म्हणून त्यावर या संग्रहात मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

चौथी गोष्ट शब्द. सातवाहनांचे लेख प्राकृतात आहेत. त्या लेखांतला ‘लेण’ आपल्या तोंडी ‘लेणे’ झाला. कार्ल्याच्या लेखातला ‘मामाल’ हा आहार, म्हणजे जिल्हा, हाच आजचा मावळ. ‘पतिठान’ पैठण झाले, आणि नाशिकजवळचे गोवर्धन अजून गोवर्धनच आहे. हाल राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये तिची मराठी आवृत्ती काढली. सातवाहन गेल्यावरही ही भाषा इतकी मानाची राहिली की वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचे ‘सेतुबंध’ हे रामकथेवरचे महाकाव्य तिच्यातच आहे. उलट खुद्द सातवाहन राजांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला द्राविडी वळणाची भाषा होती. एकाच भाषेचा झेंडा घेऊन राज्य करायची कल्पना त्यांना ठाऊक नव्हती.

पाचवी गोष्ट नावाची. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र असे आईच्या गोत्रनामाने ओळखले जाणे हे या घराण्याचे वैशिष्ट्य. आभीर ईश्वरसेन स्वतःला माढरीपुत्र म्हणवतो. कृष्णेच्या खोऱ्यातले इक्ष्वाकूही तीच रीत पाळतात. शिवाय या काळातले दोन सर्वांत महत्त्वाचे दस्तऐवज, नाणेघाटचा आणि नाशिकचा, राण्यांच्या नावे आहेत. यावरून तेव्हा मातृसत्ता होती असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल, गादी मुलालाच मिळे. पण आईचे नाव लावल्याने पराक्रमाला कमीपणा येतो, असे तीन समुद्र गाठणाऱ्या राजाला वाटले नव्हते, एवढे तरी आपण ध्यानात घ्यावे.

आणि शेवटची गोष्ट, जी आपण रोज वापरतो : सन. इसवी सन ७८ पासून मोजला जाणारा शक हा नावाप्रमाणेच शकांचा. पश्चिमी क्षत्रपांनी तो पिढ्यान्‌पिढ्या चालवला. त्याच क्षत्रपांपैकी रुद्रदामनाने शक ७२ मध्ये, म्हणजे इ. स. १५० मध्ये, जुनागढच्या खडकावर दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवल्याचे लिहून ठेवले, आणि जवळचा नातेवाईक म्हणून त्याला समूळ उखडले नाही असेही नमूद केले. पुढे आमच्या शेजारी, अंबरनाथच्या शिवमंदिरात, शिलाहारांनी शके ९८२ कोरले, तेव्हा शक हा फक्त ‘सन’ एवढाच उरला होता. मध्ययुगात त्याला ‘शालिवाहन’ हे नाव जोडले गेले, आणि विजयनगरच्या लेखांत तर ते सर्रास दिसते. मातीचे शिपाई जिवंत करून शत्रूला हरवणारा शालिवाहन लोककथेत रुजला, गुढीपाडव्याला जाऊन चिकटला. म्हणजे ज्यांच्याशी भांडण, त्यांचाच सन, आणि नाव मात्र आपल्या राजाचे. जोगलटेंभीच्या नाण्यावर झाले तेच काळाच्या मोजणीवर झाले. स्वतंत्र भारताने २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या दिवशी, शकावर आधारित राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. आज आमच्याकडच्या लग्नपत्रिकेवर ‘शालिवाहन शके’ छापताना कुणाच्याही मनात शक नसतात आणि सातवाहनही नसतात. वारसा पूर्ण पचला की तो असाच दिसेनासा होतो.

मग हे पुस्तक आजच का? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. २०१२ मध्ये नेमलेल्या रंगनाथ पठारे समितीने त्यासाठी जे पुरावे मांडले, त्यांत नाणेघाटचा लेख आणि त्यातला ‘महारठी’ हा शब्द होता. तेव्हापासून आमच्या घाटाला नवे भाविक मिळाले आहेत. आनंदच आहे. पण नाणेघाटचा लेख मराठीत नाही, प्राकृतात आहे. पणजीच्या चेहऱ्यात नातीचा चेहरा ओळखू येतो, म्हणून पणजीला नात म्हणायचे नसते. दुसरीकडे सातवाहन मूळचे कोण, आंध्रचे की महाराष्ट्राचे, यावर दोन राज्यांत अभिमानाची ओढाताण चालू आहे. २०१७ मध्ये तेलुगूत ‘गौतमीपुत्र सातकर्णी’ नावाचा भव्य चित्रपट आला, त्याआधीच आंध्रच्या नव्या राजधानीला सातवाहनकालीन अमरावतीचे नाव मिळाले होते. विजेत्याच्या वारशावर हक्क सांगणारे अनेक असतात. त्या वारशाचा तपशील वाचणारे थोडे असतात. हा संग्रह दुसऱ्या गटाची संख्या वाढावी म्हणून केला आहे.

इथे आमची मर्यादाही सांगितली पाहिजे. जे लेख आपण वाचतो ते देणाऱ्यांचे आहेत. राणी, अमात्य, गृहपती, सोनार, यवन, भिक्षुणी, यांची नावे दगडावर आहेत. घाटातून ओझी कुणी वाहिली, फरसबंद पायऱ्या कुणी घडवल्या, पोढ्या कुणी खोदल्या, त्यांचे नाव एकाही भिंतीवर नाही. आज घाटाच्या पायथ्याशी ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी राहतात. त्यांपैकी कुणाचे पूर्वज तिथे होते, हे लेखांवरून ठरवता येत नाही आणि आम्ही ठरवलेलेही नाही. पण धसईजवळच्या सोनावळ्याच्या लेण्याला आमच्याकडची माणसे ‘गणपती गडद’ म्हणतात. ‘लेणे’ हा शब्द राजाच्या लेखातून आला, ‘गडद’ हा रानात राहणाऱ्यांच्या तोंडून. या पुस्तकात दोन्ही शब्द राहतील, आणि एकासाठी दुसरा खोडला जाणार नाही, एवढी काळजी घेतली आहे.

संग्रहातले लेख एका सुराचे नाहीत. सातवाहनांचा ऱ्हास म्हणजे नगरांचा ऱ्हास, असे मानणारे इथे आहेत. रोमी व्यापार आटला, शहरे ओस पडली, हा त्यांचा आधार. उलट कान्हेरी, सोपारा, कल्याण शतकानुशतके जागी राहिली, तेव्हा ऱ्हास कोणाचा हे आधी सांगा, असे म्हणणारेही आहेत. संपादक म्हणून आम्ही दोघांना समोरासमोर बसवले आहे, तडजोड घडवलेली नाही. कालक्रमाच्या वादातही तसेच. जिथे दोन तारखा संभवतात तिथे दोन्ही दिल्या आहेत. वाचकाने लेख कुठल्याही क्रमाने वाचावेत. वाटांपासून सुरुवात करणाऱ्याला नाण्यांकडे जावेसे वाटेल, आणि नाण्यांपासून सुरुवात करणारा बहुधा शेवटी एखाद्या घाटात पोचेल.

तो घाट नाणेघाट असेल तर एक विनंती. पावसाळ्यात उलटा धबधबा पाहायला गर्दी लोटते, गुहेत चिवड्याची पाकिटे उडतात आणि अक्षरे नीट दिसावीत म्हणून कुणीतरी त्यांवरून खडू फिरवतो. तसे करू नका. हिवाळ्यात, पहाटे, पायथ्याच्या वैशाखऱ्यातून जुन्या वाटेने चढा. गुहेत मागच्या भिंतीशी उभे राहा. तिथे सिमुक होता, सातकर्णी आणि नागनिका होती, राजपुत्र होते. आठ मूर्तींपैकी आता पावलांच्या खुणांपलीकडे काही उरलेले नाही, वर नावे तेवढी आहेत. मग बाजूच्या भिंतीकडे वळा आणि आकडे बघा. त्यांत शून्य नाही, दहाला, शंभराला, हजाराला वेगवेगळी चिन्हे आहेत. बाहेर पडल्यावर खाली मुरबाडची भातखाचरे दिसतात, आणि वाट उतरणीला लागते.